पटावरची यादवी

चतुरंग हा आपल्याच देशातला खेळ. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चारही अंगे त्यात पटावर उतरली आणि त्यातूनच पुढे बुद्धिबळ जन्मले, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु बुद्धिबळातली लढाई ही कोणत्याही एका गावची, एका सालची लढाई नसते. दोन्ही बाजूंस सारखीच सोळा मोहरी, जमीन सपाट, ऊन-पाऊस नाही, आणि कोणाच्या मनात भीती नाही. पाश्चात्त्य देशांत गेल्या दोनशे वर्षांत याहून निराळा एक खेळ वाढीस लागला. त्यात खरोखर झालेली एखादी लढाई घेतात. तिचा नकाशा पटावर काढतात. ज्याच्याकडे जेवढे सैन्य होते तेवढ्या सोंगट्या त्याला देतात, आणि मग दोघे खेळाडू ती लढाई पुन्हा लढून पाहतात. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली असा खेळ नकाशा, फासे आणि पंच यांच्यासह नीट नियमबद्ध केला. सैनिकी शिक्षणात त्याचा उपयोग झाला, आणि १९५० नंतर अमेरिकेत तो घरोघरी खेळण्याजोगा पुठ्ठ्याच्या पेटीतून विकला जाऊ लागला.

या खेळाच्या शौकिनांना रोमच्या यादवी युद्धातील लढाया फार प्रिय आहेत. त्यांपैकी फार्सालसची लढाई तर नमुन्यादाखल सांगण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी ४८ या वर्षी ग्रीस देशात सीझर आणि पाँपी हे दोन रोमन सेनापती समोरासमोर आले. हे एकेकाळचे सासरा-जावई; सीझरची मुलगी पाँपीला दिलेली होती. सीझरने स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे त्याच्याकडे २२,००० पायदळ आणि १,००० घोडेस्वार होते, तर पाँपीकडे ४५,००० पायदळ आणि ७,००० घोडेस्वार. एका बाजूला नदी होती. त्यामुळे पाँपीने आपले बहुतेक सारे घोडदळ दुसऱ्या बाजूला एकवटले आणि सीझरला बगलेवरून गुंडाळण्याचा बेत केला. सीझरने तो ओळखला. रोमन सैन्य नेहमी तीन रांगांत उभे राही. त्याने त्या रांगांतून काही तुकड्या काढून आपल्या मूठभर घोडेस्वारांच्या मागे, शत्रूच्या नजरेआड, एक चौथी रांग उभी केली. पाँपीचे स्वार सीझरच्या स्वारांना मागे रेटीत आले आणि या चौथ्या रांगेवर आदळले. ते उधळले ते थांबलेच नाहीत. पाँपी छावणीकडे निघून गेला, तेथून इजिप्तला पळाला, आणि किनाऱ्यावर उतरताच मारला गेला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. हे सर्व आकडे जिंकणाऱ्याने लिहिलेले आहेत. आपले दोनशे शिपाई पडले आणि शत्रूचे पंधरा हजार, असे सीझर म्हणतो. त्याच्याच बाजूने त्या दिवशी हजर असलेला पोलिओ मात्र शत्रूचे सहा हजारच पडल्याचे सांगतो. लेखापरीक्षण न झालेला हा ताळेबंद आहे. पटावर लढाई मांडण्याचा खरा फायदा मला येथेच दिसला. ग्रंथकाराने सांगितलेली जमा आणि खर्च पटावर मांडून पाहिले, तर शिल्लक जुळते की नाही ते कळते.

परंतु फार्सालस पटावर मांडले की पहिलीच अडचण उभी राहते. पाँपीचा खेळाडू ही गोष्ट आधी वाचून आलेला असतो! चौथी रांग कोठे दडली आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो आपले घोडदळ तिच्यावर नेतच नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीने लढाई जिंकली गेली, तीच पटावरून नाहीशी होते. या अडचणीवर आम्ही काही मित्रांनी मिळून जो उपाय शोधला त्याची हकीकत हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मात्र आम्ही त्यासाठी रोमपर्यंत गेलो नाही. आपल्या कलबुर्गी-बीदरच्या मातीतच एक अशी यादवी घडून गेली आहे की जिच्यापुढे सीझरची युक्ती साधी वाटावी.

गोष्ट १४२२ सालची. बहमनी राज्याची राजधानी तेव्हा गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस होती. सुलतान फिरोजशहा १३९७ पासून गादीवर होता. त्याने पुष्कळ लढाया जिंकल्या होत्या, पण १४२० च्या सुमारास पानगलच्या बाजूला विजयनगरच्या सैन्याकडून त्याचा मोठा पराभव झाला आणि तेव्हापासून तो मनाने व शरीराने खचला. कारभार हुशियार आणि बीदार या दोन मर्जीतल्या गुलामांच्या हाती गेला. गादी सुलतानाच्या मुलाला, हसनखानाला, मिळावी अशी खटपट सुरू झाली. पण आड येत होता सुलतानाचा भाऊ अहमदखान. तो लोकप्रिय होता, शूर होता, आणि गुलबर्ग्याचे थोर सूफी संत बंदेनवाज गेसूदराज यांचा आशीर्वाद त्याच्या पाठीशी होता. तेव्हा अहमदखानाचे डोळे काढावेत असे ठरले. त्याला याचा सुगावा लागला आणि तो थोडेसे सोबती घेऊन रातोरात शहराबाहेर पडला.

त्याच्याबरोबर खलफ हसन नावाचा बसऱ्याचा एक व्यापारी होता. ही सारी हकीकत आपल्याला मुख्यतः फरिश्ता या इतिहासकाराकडून कळते. तो सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहून लिहीत होता. म्हणजे घटनेला पावणेदोनशेहून अधिक वर्षे उलटून गेल्यावर. तो सांगतो की हुशियार आणि बीदार हत्ती व घोडदळ घेऊन पाठलागावर निघाले. अहमदखानाजवळ जेमतेम हजारभर माणूस जमला होता आणि समोर त्याच्या कित्येक पट सैन्य. त्याचा धीर सुटू लागला. अशा वेळी खलफ हसनच्या नजरेला दोन गोष्टी पडल्या. धान्य वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा एक तांडा सुमारे दोन हजार बैल घेऊन जवळ उतरला होता, आणि लाहोरकडचे घोड्यांचे व्यापारी तीनशे घोडे घेऊन आले होते. खलफ हसनने हे सर्व मिळवले, जनावरांवर माणसे बसवली, हाती निशाणे दिली, आणि लढाई जुंपली की झाडांच्या आडून दूरवर दिसत राहा असे सांगितले. अमीर-उमराव फौजा घेऊन अहमदखानाला मिळायला आले, अशी हूल उठवायची! तसेच झाले. शाही सैन्याने ती निशाणे पाहिली, गोंधळ उडाला, तेवढ्यात अहमदखानाने आपले स्वार घेऊन हल्ला चढवला आणि पाठलाग करणारेच पळत सुटले.

वर्गात ही गोष्ट ऐकली तेव्हा निम्मा वर्ग हसला. बैल आणि घोडा यांतला फरक कळू नये इतके ते शिपाई आंधळे होते काय, असे एकजण म्हणाला. मी चिंताकीचा; आमच्याकडे बैल पाहण्यात जन्म जातो. तेव्हा मलाही प्रथम हे पटले नाही. पाहा, बैलाची चाल निराळी, मानेची ठेवण निराळी, शिंगे तर लांबूनही दिसतात. धुळीच्या लोटात काही कळले नसेल म्हणावे, तर अहमदशहा गादीवर बसला तो सप्टेंबर महिन्यात; म्हणजे लढाई भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराची. त्या दिवसांत काळ्या रानात धूळ कसली, गुडघाभर चिखल असतो. मग राहिली झाडी, अंतर आणि निशाणे. कारहुणवीला किंवा पोळ्याला सजवून निघालेली बैलांची रांग आपण गावाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिली तर प्रथम दिसतात झुली, गोंडे आणि रंग. बैल मागाहून दिसतो. हे एवढे मी वर्गात बोललो आणि त्यावर आमच्या एका प्राध्यापकांनी आव्हान दिले, "मग मांडून दाखवा."

आम्ही पाचजण तयार झालो. तिघे मराठी विभागातले, दोघे कन्नड. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर बारा गुणिले अठरा अशी चौकोनी घरे आखली. परदेशी खेळांत षट्कोनी घरे असतात, कारण तिरके चालताना अंतर खोटे पडत नाही. पण ती आखता आखता आमच्या कंपासपेटीचा अंत झाला असता. पटाच्या एका कडेला हिरव्या खडूने झाडी दाखवली. सोंगट्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या. एक सोंगटी म्हणजे अडीचशे, असे प्रमाण धरले. त्याप्रमाणे अहमदखानाच्या वाट्याला चार सोंगट्या आल्या. शाही फौजेला आम्ही सोळा दिल्या. दोन हजार बैलांच्या आठ झाल्या आणि तीनशे घोड्यांची एक. हत्तींसाठीही नियम केला होता, पण तो इतका किचकट झाला की दुसऱ्याच डावाला हत्ती पटाबाहेर काढले.

फाशांऐवजी आम्ही नाणी घेतली. चौकाबाऱ्याच्या कवड्या घ्याव्यात असे प्रथम मनात होते, परंतु कवडी दोन्ही अंगांवर सारखी पडत नाही आणि मग संख्याशास्त्रात शिकलेले गणित तिला लागू पडत नाही. हल्ला करणाऱ्याने चार नाणी उडवायची. तीन किंवा चार छाप पडले तर समोरची सोंगटी मोडली. दोन पडले तर कोणी हलायचे नाही. एक किंवा शून्य पडला तर हल्ला करणाराच एक घर मागे. सोळांपैकी पाच वेळा यश, पाच वेळा माघार आणि सहा वेळा जैसे थे. बाजूला आपली दुसरी सोंगटी असेल तर एक नाणे जास्त. गंमत अशी की चाराची पाच नाणी झाली की यशाचा वाटा सोळांत पाचावरून एकदम निम्म्यावर येतो. म्हणजे ज्याच्याजवळ जोडीला सोंगट्या आहेत त्याचे पारडे किती लवकर जड होते, हे एका नाण्याने कळते. ज्या मित्रांना द्विपद वितरण परीक्षेपुरतेच पाठ आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

पहिल्या डावात सगळ्या सोंगट्या उघड्या होत्या. अहमदखान वीस मिनिटांत संपला. बैलांच्या सोंगट्या झाडीतून बाहेर आल्या तेव्हा शाही बाजूचा खेळाडू म्हणाला, "या, या, नांगराला जुंपतो."

येथे आम्हाला पंचाची गरज कळली. राइसविट्झने दोनशे वर्षांपूर्वी हेच केले होते: दोन्ही खेळाडूंना पूर्ण पट दाखवायचाच नाही, ज्याला जेवढे दिसू शकते तेवढेच पंचाने दाखवायचे. आमचे प्राध्यापक पंच झाले. सोंगट्या पालथ्या ठेवल्या. शत्रू दोन घरांच्या आत आला तरच उलटायच्या. उलट्या बाजूला आम्ही मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरे लिहिली होती, 'बै' आणि 'ए', 'घो' आणि 'कु'. कन्नडमध्ये बैल म्हणजे एत्तू आणि घोडा म्हणजे कुदुरे. आरंभी मराठी विरुद्ध कन्नड असे गट पडू पाहत होते. पंचांनी ते मोडले. ही यादवी आहे, तेव्हा दोन्ही बाजू एकाच घरातल्या असल्या पाहिजेत, असे म्हणून त्यांनी प्रत्येक गटात दोन्ही भाषांची माणसे घातली आणि उरलेल्या पाचव्याला निरोप्या केले. यात एक फजिती झाली. कुजबुजून बेत करावा तर आमच्यापैकी प्रत्येकाला दोन्ही भाषा येतात! मराठीत कुजबुजले तरी समोरच्याला कळते, कन्नडमध्ये कुजबुजले तरी कळते. सीमेवरच्या माणसाला गुपित ठेवण्यास तिसरी भाषा शिकावी लागेल. शेवटी चिठ्ठ्या लिहून निरोप्याच्या हाती पंचाकडे द्यायच्या असा नियम झाला.

याशिवाय सर्वांत महत्त्वाचा नियम हिमतीचा. शाही फौजेला दहा गुण हिंमत दिली. एक सोंगटी मोडली की एक गुण गेला. झाडीतून निशाणाची एक नवी सोंगटी दिसली की एक गुण गेला. दहाही गेले की फौज पळाली. मात्र निशाणाखाली बैल निघाला, तर भांडे फुटले; निशाणांपायी गेलेले सर्व गुण परत. हिशेब सोपा आहे. आठ बैल आठ गुण घेतात, घोड्यांची एक सोंगटी नववा घेते. दहावा गुण बैलाला घेता येत नाही, तो अहमदखानाने स्वतःच्या चार सोंगट्यांतून तलवारीनेच मिळवला पाहिजे. फरिश्त्याच्या हकीकतीत अहमदखान स्वतः हल्ल्यात उतरतो, ते केवळ शौर्यवर्णन म्हणून मी आधी सोडून दिले होते. पट मांडल्यावर कळले की त्या हल्ल्यावाचून हिशेब पुराच होत नाही.

दुसरा डाव या नियमांनी खेळलो आणि तोही अहमदखान हरला. कारण उघड होते. सोंगटी पालथी असली तरी समोरच्याला गोष्ट पाठ होती. निशाणे दिसताच त्याने दोन स्वार पुढे काढले आणि सोंगटी उलटली. फार्सालसची अडचण आमच्या पटावरही येऊन बसली होती.

यावर उपाय सुचला तो आमच्या कन्नड मित्राला. त्याच्या घरी किराणा दुकान आहे, हे मुद्दाम सांगतो. तो म्हणाला, "खोटी नोट चालते, कारण खरी नोट असते. आपल्या पटावर खरी नोटच नाही." त्याच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही दोन लिफाफे केले. एकात आठ बैल, दुसऱ्यात आठ खरे स्वार, म्हणजे अहमदखानाला खरोखर येऊन मिळालेले उमराव. डाव सुरू होण्यापूर्वी पंचाने एक लिफाफा गुपचूप अहमदखानाच्या खेळाडूला द्यायचा. आता झाडीतून निशाणे आली की शाही खेळाडूला गोष्ट पाठ असूनही उपयोग नाही. ते बैल असतील, नाहीतर दोन हजार स्वार असतील.

आणि मग खेळाचे रूपच पालटले. तिसऱ्या डावात शाही खेळाडू "बैलच आहेत" म्हणून बेधडक झाडीवर गेला. लिफाफ्यात स्वार होते, त्याची धूळधाण झाली. चौथ्या डावाला लिफाफ्यात बैल होते, पण तो तोंड पोळलेला गडी ताकही फुंकून पिऊ लागला होता. निशाणे दिसताच त्याने सोंगट्या मागे घेतल्या, तेवढ्यात अहमदखानाच्या दोन सोंगट्यांनी जोडीने त्याची एक मोडली आणि दहावा गुण गेला. पहिल्यांदाच पटावर तेच घडले जे १४२२ साली घडले होते. त्या डावात अहमदखानाच्या बाजूने आणखी एक बारकी गोष्ट केली. खऱ्या घोड्यांची एकुलती एक सोंगटी त्यांनी झाडीच्या तोंडाशी ठेवली, म्हणजे कोणी जवळ येऊन उलटलीच तर पहिल्याने घोडा निघावा. आडतीवर पोत्याच्या तोंडाशी चांगली तूर ठेवतात, तसे. खलफ हसन व्यापारी होता, त्याला हे सुचले नसेल असे म्हणवत नाही.

लिफाफ्याच्या नियमातून मला जे दिसले ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या शाखेच्या अभ्यासाचे आहे. बैलांना घोडे कोणी केले? निशाणांनी नव्हे. अहमदखानाला उमराव येऊन मिळतील ही गोष्ट समोरच्यांना आधीपासूनच शक्य वाटत होती, म्हणून ते बैल घोडे ठरले. हीच युक्ती हुशियार आणि बीदार यांनी केली असती तर कोणीही फसले नसते. त्यांना उमराव येऊन मिळतील असे कोणालाच वाटत नव्हते. म्हणजे त्या दिवशी खलफ हसनने जी हुंडी काढली ती अहमदखानाच्या पतीवर. पत खरी होती, माल तेवढा खोटा होता. आणि पळून आलेल्या माणसाजवळ रोकड ती किती असणार? तेव्हा दोन हजार बैलांचा तो व्यवहारही बहुतांशी शब्दावरच झाला असावा, असे मी समजतो. ज्या पतीवर बंजाऱ्यांनी बैल दिले त्याच पतीवर शाही फौजेने त्यांना घोडे मानले. अहमदशहा गादीवर बसल्यावर त्याने खलफ हसनला मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब दिला. पुढे बहमनी दरबारात हा फार मानाचा किताब झाला. बीदरला ज्याचा १४७२ चा मदरसा आपण सहलीला जाऊन पाहतो त्या महमूद गावानलाही हाच किताब होता. राज्याच्या सर्वोच्च पदांपैकी एकाचे नाव सेनापतीवरून न पडता व्यापाऱ्यावरून पडावे, याचे मूळ या बैलांत आहे.

खलफ हसनचा शेवट मात्र विपरीत झाला. इतिहासग्रंथांत त्याची अखेर कोकणात झाल्याचे सांगितले जाते. अहमदशहाच्या मुलाच्या राजवटीत तो सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर चालून गेला. तेथे शिर्के नावाच्या एका मराठा सरदाराने वाट दाखवण्याचे कबूल केले आणि सारी फौज घनदाट जंगलात नेऊन सोडली. जे झाडीतून बाहेर आले त्यांनी या वेळी निशाणे मिरवली नाहीत.

आता पाचव्या डावाविषयी. लिफाफ्यात पुन्हा बैल होते. शाही बाजूला नवा खेळाडू बसला होता, स्वभावाने सावध. निशाणे दिसली तेव्हा तो पुढेही गेला नाही आणि मागेही सरला नाही. त्याने एकच सोंगटी लांबून वळसा घालून झाडीच्या मागच्या बाजूला धाडली. तिने मागची सोंगटी उलटली आणि 'बै' निघाला. झाले! सारे गुण परत आले आणि अहमदखानाचा निकाल लागला.

डाव संपला आणि खरा वाद तेथून सुरू झाला. एक स्वार! एवढ्या मोठ्या फौजेतून एक टेहळ्या वळसा घालून जायला किती वेळ लागतो? हुशियार आणि बीदार यांनी तो का धाडला नाही? फरिश्त्याची गोष्टच रचलेली असेल काय? दोघांचे मत तसे पडले. पावणेदोनशे वर्षांनी लिहिणारा माणूस, त्यात गंमतीची आवड. शिल्लक जुळत नाही तर वही खोटी. मी त्यांच्या बाजूला गेलोही असतो. परंतु फरिश्त्याच्याच हकीकतीतला पुढचा भाग पंचांनी वाचून दाखवला. पराभवानंतर अहमदखान राजधानीवर चालून आला. आजारी फिरोजशहा पालखीत पडून स्वतः त्याच्यावर निघाला. या वेळी बैल नव्हते, झाडी नव्हती, निशाणांची हूल नव्हती. तरी सुलतानाचीच माणसे फुटून भावाकडे जाऊ लागली. फिरोजशहा मागे फिरला, शहराचे दरवाजे उघडले गेले, आणि त्याने राज्य भावाच्या हवाली केले. थोड्याच दिवसांत तो वारला.

म्हणजे टेहळ्या का धाडला नाही याचे उत्तर पटावरच्या नाण्यांत नव्हतेच. सुलतान मरणाच्या दारात, हुकूम देणारे दोन गुलाम, आणि समोर उद्याचा सुलतान. त्या फौजेतल्या प्रत्येक शिपायाने मनातल्या मनात विचार केलेलाच असणार की उद्या आपण कोणाच्या बाजूला सापडावे. अशा माणसाला झाडीत निशाण दिसले तर त्याखाली काय आहे हे पाहण्याची त्याला गरज नसते. पळायला एक निमित्त हवे होते, ते मिळाले. परकी फौज असती तर कदाचित टेहळ्या गेला असता. समोर आपल्याच घरातला माणूस असतो तेव्हा हरण्यात फारसे काही जात नाही. फार्सालसच्या रात्री पाँपीच्या सैन्यातले हजारो लोक शरण आले, सीझरने त्यांना अभय दिले, आणि ब्रूटससारखे बडे लोकही त्याच्याकडे आले. रोमची यादवी काय आणि गुलबर्ग्याची काय, हारलेल्याला उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसता येते, हेच तिचे वैशिष्ट्य.

आमची चूक होती ती हिमतीच्या दहा गुणांत. दहा गुण म्हणजे जिवावर उदार होऊन लढणारी फौज. ही फौज तशी नव्हती. सहाव्या डावाला आम्ही गुण सहावर आणले, आणि एक नियम वाढवला: टेहळ्या धाडायचा असेल तर आधी दोन नाणी उडवायची, दोन्ही छाप पडले तरच तो निघतो, एरवी "हो जी" म्हणून जागेवरच घुटमळतो. या नियमांनी आणखी चार डाव झाले. त्यांतले तीन अहमदखानाने जिंकले, आणि एकदा तर सहावी निशाणाची सोंगटी बाहेर आली तेव्हाच फौज पळाली, दोन बैल झाडीतच राहिले.

या मराठी मित्राला अहमदशहाविषयी पुढे वाचताना एक गोष्ट फार आवडली. त्याने काही वर्षांत राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. भावाविरुद्ध उठून राज्य घेतलेला हा माणूस मरणानंतर संत मानला गेला. बीदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे आणि तेथील उरुसात मुसलमानांबरोबर लिंगायत भाविकही येतात, त्यात जंगमाचा मान असतो. आमच्या पटावर मात्र तो अजून साधी लाल टिकलीची सोंगटी आहे.

शेवटच्या डावानंतर आमचा दुकानदार मित्र सोंगट्या आवरता आवरता थांबला. "बैलांचे पैसे?" त्याने विचारले. आम्ही हसलो. पण तो गंभीर होता. तांडा लमाणांचा, त्यांचे पोट त्या बैलांवर. लढाई जिंकली म्हणून डाव संपला असे कसे म्हणता, हा त्याचा मुद्दा होता. कलबुर्गी-बीदर भागात आजही लमाणांचे तांडे आहेत, त्यांतली मुले आपल्या कॉलेजात शिकतात, त्यांना हा प्रश्न विचारावासा वाटला नसता काय? तेव्हा पुढच्या डावापासून असे ठरले आहे की अहमदखानाच्या खेळाडूने जिंकल्यावर आठही बैल मोजून पंचाच्या हाती परत द्यायचे. एखादी बैलाची सोंगटी मोडली असेल तर तिच्या बदल्यात आपला एक स्वार द्यायचा. तसे केल्यावर गेल्या डावातला अहमदखान गुलबर्ग्याच्या वेशीवर दोन सोंगट्या घेऊन पोहोचला.